सात मावल्यांची बट्टी

शेवंताबाईच्या पिशवीत नारळ होता, हळदकुंकू होतं, खणाचे तुकडे होते, आणि सगळ्यात खाली केळीच्या ओल्या पानात गुंडाळलेल्या गोवऱ्या होत्या. वरचं सामान घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गोवऱ्यांचं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, अगदी नवऱ्यालाही नाही. सांगितलं असतं तर बन्सीलाल आबा हसले असते, मुलगा हितेंद्र चिडला असता, आणि सून डिंपल? तिचं तर नावच काढू नका.

बाई तशी हट्टी. एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. पण या खेपेचा हट्ट साधा नव्हता, नवसाचा होता. हितेंद्रच्या लग्नाला वर्षं उलटत होती आणि पाळणा हलत नव्हता. जळगाव झालं, धुळं झालं, डॉक्टर झाले, औषधं झाली. मग एके दिवशी शेवंताबाई फैजपूरहून एकटीच निघाली, सातपुड्यात सात मावल्यांपुढं जाऊन उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "माय व, माझ्या पोराच्या घरी लेकरू दे. त्याचं जावळ तुमच्यापुढंच काढीन आणि सात बट्ट्या तुमच्या पायाशी, तुमच्या डोळ्यांदेखत भाजीन."

आणि तेजस झाला. आता तो वर्षाचा व्हायला आला होता, डोक्यावर कुरळं जावळ घेऊन घरभर रांगत होता. शेवंताबाईचा जीव त्या केसांकडे पाहून वरखाली व्हायचा. दिलेला शब्द फिटला नाही आणि पोराला साधा ताप जरी आला, तरी ती स्वतःला कधी माफ करू शकली नसती.

गाडी नाल्यापर्यंतच जाते. पुढं सागाच्या रानातून पायवाट, आणि पायवाट संपते तिथं काळा कडा. त्याच्या पोटात ओळीनं कोरलेल्या सात बायका. कुणी कोरल्या, कधी कोरल्या, ते विचारू नका. शिकलेली माणसं येतात, मातृका म्हणतात, फोटो काढतात, जातात. शेवंताबाईच्या गावच्या बायकांना त्या मावल्या, बस्स.

नाल्याकाठी गाडीतून उतरल्या उतरल्याच वाजलं. झाडाला वनखात्याची पाटी ठोकलेली होती, वर आग पेटवू नये म्हणून. आणि डिंपलचा भाऊ भूपेंद्र कपाळावर हात धरून कड्याकडे बघत होता. हा सोनगीरचा. लहानपणापासून किल्ल्यावर चढण्या-उतरण्यात वाढलेला. पोराचा मामा, म्हणजे आजचा मानकरी. जावळ त्याच्याच मांडीवर निघायचं.

"मावशी, वर पाहा ना," तो म्हणाला. "आग्या मोहोळ शे. आठे काडी बी पेटाडानी नही."

सगळ्यांनी माना वर केल्या. मावल्यांच्या डोक्यावर कडा पुढं आला होता आणि त्याच्या खालच्या अंगाला काळी घोंगडी वाळत घातल्यासारखं काहीतरी लोंबत होतं. मधूनच ते वरपासून खालपर्यंत शहारत होतं. वारा तर नव्हता.

"जावळ इथंच काढू या," डिंपल म्हणाली. तिनं तेजसला छातीशी घट्ट धरलं होतं. "इथून दिसतायत की मावल्या. नमस्कार करू, बट्ट्या भाजू आणि घरी जाऊ."

"इथून दिसतायत म्हनं!" शेवंताबाई उसळली. "नवस काय मोबाइलवर फेडता येते का व? मी त्यांच्यापुढं शब्द देला हाये."

"आई, पोर लहान आहे."

"मले सांगू राह्यली तू? पोर त्यांनीच देलं."

हितेंद्र नेहमीसारखा दोघींच्या मधे उभा राहिला आणि कुणाचीच बाजू घेईना. शेवटी आबांनीच तोडगा काढला. जावळ वर काढायचं, मुकाट्यानं, पटकन; दिवा नाही, अगरबत्ती नाही. स्वयंपाक खाली नाल्याकाठी. शेवंताबाई म्हणाली, "हाव, बाप्पा, हाव." इतक्या चटकन ती आयुष्यात कधी कबूल झाली नव्हती. आबांच्या हे लक्षात यायला हवं होतं. पण ते खालीच थांबले, चुलीसाठी दगड शोधत.

वर पोचेपर्यंत सगळ्यांना धाप लागली. शेवंताबाईनं चपला काढल्या आणि पहिल्या मावलीपासून हात लावत गेली. दगड थंड होता. काहींची नाकं झिजलेली, एकीचा हातच तुटलेला, पण बसणं असं की आत्ता उठतील आणि पाणी विचारतील. शेवटच्या मावलीच्या मांडीवर पोर होतं. त्या पोराचं डोकं बायकांनी हात फिरवून फिरवून गुळगुळीत केलेलं. त्या मावलीच्या पायाखाली कड्यात एक खोबण होती, एक माणूस अंग चोरून बसेल एवढी. आणि पार दुसऱ्या टोकाला, पहिल्या मावलीच्या पायाशी, दगड काजळीनं काळा झालेला होता. ती काजळी बट्ट्यांची होती. शेवंताबाईच्या सासूनं तिथं भाजल्या होत्या, सासूच्या सासूनंही. मग आजच काय झालं? तेव्हा काय मोहोळ नव्हतं?

नव्हतं. त्या बायका मार्गशीर्षात यायच्या, मोह फुलून आग्या माश्या कड्यावर येण्याच्या कितीतरी आधी. पण हे तिला सुचलं ते नंतर, आणि नंतर सुचून काय उपयोग.

शेवटच्या मावलीपुढं गोधडी अंथरली. भूपेंद्र मांडी घालून बसला, तेजसला मांडीवर घेतलं. रतिलाल न्हाव्यानं वाटीत पाणी घेऊन पोराचं डोकं भिजवलं.

"आत्या नाही आपल्याकडं," शेवंताबाई सुनेला म्हणाली. "तूच पदर धर. एक केस खाली पडू द्यायचा नाही. पायदळी आला तर बरं नसते."

डिंपलनं ओठ दाबले, पण पदर धरला. वस्तरा लागला आणि तेजसनं भोकाड पसरलं. हितेंद्र खुळखुळा वाजवायला लागला. सगळ्यांचे डोळे पोराच्या डोक्यावर खिळलेले. शेवंताबाई हळूच मागं सरकली.

पहिल्या मावलीजवळ वरून निखळलेला मोठा धोंडा पडलेला होता. त्याच्याआड ती बसली. पिशवीतून गोवऱ्या काढल्या, घरूनच मळून आणलेल्या, सुपारीएवढ्या कणकेच्या सात बट्ट्या काढल्या. तिचा हिशेब सरळ होता. चुलीवरच्या जेवणाला नाही, नुसत्या नवसाला एवढासा विस्तव. बट्ट्या तांबूस झाल्या की झालं, राख झाकायची आणि निघायचं. कापूर ठेवला, काडी ओढली.

गोवरी पेटेना. रात्रभर ओल्या केळीच्या पानात राहून तिनं ओल धरली होती. शेतात केळी पिकवणाऱ्या बाईला पान म्हणजे कागदासारखं. काहीही गुंडाळायचं तर हात आधी पानाकडे जातो. कापूर जळून गेला आणि गोवरीतून पांढरा, दाट धूर निघाला. तो कड्याला घासत सरळ वर चढला.

"अगं माय," शेवंताबाई पुटपुटली. तिनं फुंकर मारली, धूर वाढला. पदरानं वारा घातला, आणखी वाढला. मग घाबरून तिनं तांब्यातलं पाणी ओतलं. चर्र झालं आणि धुराचा असा लोट उठला की तिचे स्वतःचे डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा आवाज बदललेला होता. आल्यापासून वर एक बारीक गुणगुण चालली होती, कानाला सवय होऊन गेलेली. ती आता जाड झाली होती. शेवंताबाईनं वर पाहिलं. काळी घोंगडी एका कडेनं उसवत होती.

ओरडावं? ओरडलं तर सगळ्यांना कळणार. सून बघणार, सुनेचा भाऊ बघणार, तो तर मोहोळ दाखवून सांगत होता. निवेल, ती स्वतःला म्हणाली, निवेल, धूर विरतोच आहे. आई जगदंबे, एवढं निवू दे. एवढ्यात एक माशी खाली आली आणि तिच्या मनगटावर आपटून गेली. मग दुसरी.

आता ओरडायचंच, असं ठरवून तिनं तोंड उघडलं आणि तोंड तसंच राहिलं. रतिलालचा वस्तरा तेजसच्या कानामागं होता. पोर हमसून हमसून रडत होतं, भूपेंद्रनं त्याची मान दोन्ही हातांत धरली होती. आत्ता ओरडलं, कुणी दचकलं, रतिलालचा हात हलला तर? पोराच्या कानामागची ती मऊ कातडी तिला इथून दिसत होती.

ती चालत निघाली. पळायची हिंमत नव्हती, थांबायची तर नव्हतीच. सहाही मावल्या एकेक करून मागं पडल्या. एक माशी केसांत शिरली, तिनं हात वर नेला नाही. रतिलालच्या पाठीशी येऊन तिनं त्याचं मनगट गच्च धरलं.

"रतिलालभाऊ, वस्तरा उचल."

"अर्धंच झालं, शेवंताक्का..."

"उचल म्हनते ना!"

वस्तरा वर गेला आणि मगच तिचा आवाज फुटला. "पळा! मोहोळ उठलं! मीच विस्तव पेटवला, तिकडं, धोंड्यामागं. पळा रे!"

एक क्षण कुणी हललं नाही. डिंपलनं सासूकडं पाहिलं. ती नजर शेवंताबाईला चटका देऊन गेली, पण तिच्याकडं बघायला वेळ नव्हता. वरून माश्यांचा लोंढा खाली सुटला. रतिलाल किंचाळून वाटेला लागला. हितेंद्र "डिंपल, डिंपल" करत गोल फिरला, तोंडावर हात मारत दरडीवरून घसरला आणि दिसेनासा झाला. भूपेंद्रनं पोराला उचललं, पण वाट अरुंद, उतार तीव्र, आणि त्याच्या डोळ्यावर दोन डंख आधीच बसले होते. अर्ध्या आंधळ्या माणसाच्या हातात पोर, आणि पुढं खोल उतार.

"इकडं आन त्याला!" शेवंताबाईनं तेजसला त्याच्या हातून ओढून घेतलं. "तू जाय. ताडपत्री आन खालून, गाडीतली. जाय!"

मग तिनं डिंपलला दंडाला धरून शेवटच्या मावलीच्या पायाखालच्या खोबणीत ढकललं, तिच्या मांडीवर पोर दिलं आणि अंथरलेली गोधडी तोंडावर ओढली. गोधडी आखूड पडली. एका बाजूनं उजेड आत जात होता, आणि उजेड जातो तिथून माशी जाते. शेवंताबाईनं डोक्यावरचा पदर काढला, त्या फटीत कोंबला आणि स्वतः पाठ टेकून खोबणीच्या तोंडाशी बसली. हाताशी दुसरं काही नव्हतंच.

डोकं उघडं पडलं. सकाळी आनंदानं तिनं डोक्याला तेल चोपडलं होतं, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा माळला होता. माश्या तिथंच तुटून पडल्या. पहिले डंख मोजता येत होते. मग नुसती आग झाली. कान, मान, पापण्या, बोटांची पेरं. तिनं दात आवळले. हात हलवला की पदर सुटणार, म्हणून हात हलवायचा नाही. एवढं एकच तिनं डोक्यात धरलं.

आत तेजस रडत होता. रडतोय तोवर बरं आहे, ती म्हणत होती, रड राजा, रड. आणि मग रडणं थांबलं.

"डिंपल!" तिनं हाक मारली. "डिंपल, पोर का गप झालं?"

तिनं पाठीनंच गोधडीला ढोसलं.

"अवं बोल ना! गोधडीत कोंडलं का त्याला? डिंपल!" तिला वाटलं, हे सगळं आपणच केलं. मावल्यांनी दिलेलं पोर मावल्यांच्याच पायाशी आपल्या हातानं गुदमरवलं. तिनं वर पाहिलं. दगडी मावली आपल्या मांडीवरचं पोर घेऊन तशीच समोर बघत बसली होती. शेवंताबाई तिच्यावर ओरडली, होय, ओरडलीच, "घ्यायचं असंल तर मले घे! त्याला काहून?"

"पितोय," आतून आवाज आला. "दूध पितोय. आई, तुम्ही आत या."

"जागा नाही."

"मी सरकते, या आत!"

"हलू नको म्हनते ना! त्याला पाज."

यानंतरचं तिला नीट आठवत नाही. ताडपत्री पांघरून दोघं वर आले ते आठवतं. पुढं भूपेंद्र होता आणि मागं हितेंद्र, आणि हितेंद्र मोठमोठ्यानं रडत होता. "आई, मी घसरलो, मी पळालो नाही," असं काहीतरी तो म्हणत होता. तिला त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा होता, पण बोटं वाकेनात.

फैजपूरच्या दवाखान्यात तिला सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. तेजसच्या पायाला एकच डंख होता. डॉक्टरांनी त्याला उलटापालटा करून पाहिलं, काही वेळ नजरेखाली ठेवलं आणि ठीक आहे म्हणून सांगितलं. ते ऐकून शेवंताबाई रडली. तोवर ती रडली नव्हती.

नर्स तिच्या डोक्यातले काटे काढायला बसली आणि दमली. केस दाट, तेलकट, गजऱ्याचा दोरा गुंतलेला, मेलेल्या माश्या अडकलेल्या, आणि कातडीत काटेच काटे. "सगळे केस काढावे लागतील," ती म्हणाली. "नाहीतर काटे सापडायचे नाहीत. विष आत जात राहील."

"नाही," शेवंताबाई म्हणाली. ओठ सुजल्यामुळं शब्द जाड निघत होते. "नवरा जिता असतांना बाईच्या डोक्याला वस्तरा? मेली तरी चालंल."

बन्सीलाल आबा कोपऱ्यात बाकावर बसले होते. दिवसभर त्यांनी बायकोला एक शब्दही विचारला नव्हता. आता ते उठून खाटेजवळ आले. "मी जिता हाये म्हनूनच सांगू राह्यलो," ते म्हणाले. "रतिलाल, काढ रे केस."

रतिलालचा एक डोळा पुरता बंद झाला होता. तरी त्यानं पेटी उघडली, वस्तऱ्यात नवं पातं घातलं. शेवंताबाईत नवऱ्याशी वाद घालण्याचं त्राणच उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर, तो असं काही बोलेल हे तिला वाटलंच नव्हतं.

डिंपल खिडकीपाशी उभी होती. खोबणीतून बाहेर काढल्यापासून ती सासूशी बोलली नव्हती. तिचा डावा हात कोपरापर्यंत सुजला होता. तिनं तेजसला भूपेंद्रकडे दिलं, खाटेच्या कडेवर येऊन बसली आणि आपला पदर शेवंताबाईच्या मानेखाली पसरून धरला.

"हे काय करू राह्यली?"

"एक केस खाली पडू द्यायचा नाही, म्हणालात ना सकाळी?"

"ते पोराचे, माय. म्हातारीचे नाही."

"माझा राग गेलेला नाही, आई," डिंपल म्हणाली. "माझं लेकरू होतं तिथं. घरी गेल्यावर मी भांडणार आहे तुमच्याशी. चांगली भांडणार आहे. आता मान खाली करा."

शेवंताबाईनं मान खाली केली. वस्तरा फिरायला लागला. अर्धे पांढरे, अर्धे काळे केस, मोगऱ्याच्या चुरगळलेल्या कळ्या आणि माश्या डिंपलच्या पदरात पडू लागल्या. भूपेंद्रच्या कडेवरून तेजस टक लावून बघत होता. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर एका बाजूला कुरळे केस होते आणि दुसऱ्या बाजूला गोटा.

"पोराचं राह्यलेलं कधी काढायचं, अक्का?" रतिलालनं काम करता करता विचारलं. "परत मावल्यांपुढं जायाचं का?"

बट्ट्या तिथंच राहिल्या होत्या, ओल्या राखेत, कच्च्या. शेवंताबाईच्या तोंडाशी आलं होतं की जायाचंच. नवस आहे, अर्धा ठेवून कसं चालेल. तिनं डोळे मिटून घेतले.

"त्याच्या मायला विचार," ती म्हणाली. "ती सांगंल तवा. आन ती सांगंल तिथं."

एका बाजूनं केस जमिनीकडे घसरत होते, म्हणून डिंपलनं पदर जरा आणखी पुढं ओढला.